मटण खाणारेही प्लेट रिकामी करतील असे सावजी चवीचे शाकाहारी स्टार्टर : आधी पाणी काढा, मग मसाला घाला

नागपुरात घरी आठ-दहा माणसं जेवायला बोलावली की एक पेच हमखास पडतो. अर्धे पाहुणे सावजीचं मटण चापणारे, दोघं-तिघं गुरुवार-शनिवार पाळणारे, एखादं जोडपं दूध-दहीही सोडलेलं. सगळ्यांना चालेल म्हणून सोयाबीनच्या वड्या केल्या जातात आणि मांसाहारी मंडळी वरचा मसाला खरवडून खातात, वड्या तशाच ठेवतात. यजमान पुढच्या वेळी मिरची वाढवतात. त्याने फक्त पाणी जास्त प्यायलं जातं.

गडबड असते ती वड्यांच्या पोटातल्या पाण्यात. मटण खाणाऱ्याला दाताखाली चिवटपणा लागतो, कडा खरपूस लागतात आणि जिभेवर तेल-मसाल्याचा लेप रेंगाळायला लागतो. भिजवलेला सोया, उकडलेला फणस, मश्रूम या तिन्हींत पाणी ठासून भरलेलं असतं. तुकडा ओला आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूस रंग-वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओला तुकडा कढईत कितीही वेळ परता, तो शिजतच राहतो, भाजला जात नाही. म्हणून तिन्ही पदार्थांचं सूत्र एकच आहे : आधी पाणी बाहेर, मसाला त्यानंतरच, आणि कडा खरपूस.

खालची मापं आठ जणांच्या स्टार्टरची आहेत. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, छोटा म्हणजे ५ मिलीचा. कुठेही दही, तूप, साय नाही.

कामाची वाटणी

पाहुणे रात्री आठला येणार असतील तर कोरडा मसाला आदल्या दिवशी दळून ठेवा. सोया उकडून-पिळून फ्रिजमध्ये ठेवायचं कामही आदल्या रात्रीच उरका. फणस त्याच दिवशी दुपारी. कांदा-खोबऱ्याचं वाटण संध्याकाळी परतून ठेवा. तळण मात्र पाहुणे आल्यावरच. "आधी तळून ठेवू, मग गरम करू" हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. तळलेला सोया तासाभरात चामड्यासारखा होतो आणि मायक्रोवेव्हमध्ये तर त्याचं रबर होतं.

टप्पा १ : बाजारहाट

खडा मसाला इतवारीत घ्या. बाकी सगळं पाहिलंत न पाहिलंत तरी चालेल, दगडफूल मात्र हातात घेऊन बघा. एका अंगाने काळपट, दुसऱ्या अंगाने राखाडी-पांढरट असे पातळ पापुद्रे हवेत. त्यात झाडाच्या सालीचे तुकडे आणि माती बरीच निघते, ती घरी निवडून काढा. सावजीचा तो खोल, किंचित धुरकट वास बराचसा याच्यामुळे येतो. गरम मसाल्याचं तयार पाकीट आणून वर तिखट घातलं की सावजी होत नाही ते यामुळेच.

मिरची दोन प्रकारची घ्या : तिखटपणासाठी भिवापुरी, रंगासाठी ब्याडगी. नुसत्या तिखट मिरचीने तोंड झोंबतं पण रंग हवा तसा चढत नाही, मग लोक रंगासाठी आणखी मिरची घालतात आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

फणस कॉटन मार्केटमध्ये उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतो. कटहल म्हणूनही मागा. कोवळाच घ्या : कापल्यावर गर पांढरा दिसला पाहिजे आणि आठळीत नख रुतलं पाहिजे. पिवळसर झाक किंवा गोड वास आला तर तो पिकायला लागलाय. त्याचं स्टार्टर गोडूस होतं, कुठलाच मसाला त्याला वाचवत नाही. विक्रेत्याकडूनच सोलून घ्या, पण "भाजीसारखे बारीक नको, मोठे तुकडे करा" हे आधी सांगा.

सोया मोठ्या वड्यांचाच. बारीक दाणे आणि छोट्या गोळ्या या कामाच्या नाहीत, त्यांना चावायला काही उरत नाही. मश्रूम बंद टोपीचे, कोरडे, त्याच दिवशीचे. बोटाला बुळबुळीत लागले तर परत ठेवा.

टप्पा २ : मसाला

कोरड्या मसाल्याला लागेल ते असं :

धने ४ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, शहाजिरे १ छोटा चमचा, काळी मिरी २ छोटे चमचे, लवंगा ८, दालचिनीचे बोटभर २ तुकडे, मसाला वेलदोडे २, हिरवी वेलची ४, चक्रीफूल १, जायपत्रीची १ पाकळी, तमालपत्र ३, निवडलेलं दगडफूल चिमटी-चिमटीने गोळा केलेलं छोटी मूठभर, खसखस १ मोठा चमचा, भिवापुरी मिरच्या ६, ब्याडगी ८.

वाटणासाठी : मोठे कांदे ३, किसलेलं सुकं खोबरं पाऊण वाटी, लसूण पाकळ्या १५, आलं दीड इंच, ज्वारीचं पीठ २ मोठे चमचे.

सगळं एकदम कढईत ओतून भाजणं ही सर्रास होणारी चूक. धने तांबूस होईपर्यंत खसखस जळून कडू झालेली असते. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, छोटा चमचाभर तेलात या क्रमाने भाजा :

१. धने, दालचिनी, मसाला वेलदोडे, चक्रीफूल, तमालपत्र. धन्यांचा रंग एक पायरी गडद झाला की काढा.

२. मिरी, लवंग, जिरे, शहाजिरे, हिरवी वेलची, जायपत्री. लवंग फुगली की पुरे.

३. दगडफूल, दोन-चार थेंब तेलावर, अर्धा मिनिट. बोटाने चुरडलं की भुगा झाला पाहिजे. चिवट राहिलं तर मिक्सरमध्ये दळलं जात नाही आणि दाताखाली कचकचतं.

४. खसखस एकटी. उडते, म्हणून झाकण हातात धरा.

५. गॅस बंद. मिरच्या आता, कढईच्या उरलेल्या तापावर. चालू आचेवर मिरची टाकली तर ठसक्याने घर रिकामं होईल आणि मिरची काळी पडेल.

पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम असताना दळलं की भांड्यात वाफ धरते आणि मसाल्याच्या गाठी होतात.

वाटणाचे कांदे उभे पातळ चिरून तेलात गडद तपकिरी तळा. गॅसवर अख्खा कांदा भाजायची पद्धत रश्श्याला उत्तम, पण आत पाणी राहतं. सुक्या पदार्थाला तळलेला कांदाच बरा. त्याच तेलात खोबरं तांबूस करून घ्या, ज्वारीचं पीठ वेगळं कोरडं भाजा. कांदा, खोबरं, लसूण, आलं मिक्सरला लावताना पाणी घालू नका. पातं फिरत नसेल तर मोठा चमचाभर तेल घाला, लगेच फिरतं.

आता भुनाई. कढईत ४ मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल तापवून वाटण घाला आणि मध्यम आचेवर हलवत राहा. पाच मिनिटांनी वाटतं झालं, झालेलं नसतं. त्यानंतर कोरड्या मसाल्यातला दोन तृतीयांश, अर्धा छोटा चमचा हळद, ज्वारीचं पीठ आणि मीठ घालून आणखी सहा-सात मिनिटं. खाली धरायला लागलं तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडा, ते लगेच उडून जातं. टोमॅटो घालायचा मोह टाळा, आत्ताच काढलेलं पाणी तो परत आणतो.

तपासा : उलथनं मधून ओढलं की मसाला दोन्हीकडे थांबतो आणि मधल्या रेघेत तेल झिरपतं. चिमूटभर जिभेवर ठेवला तर कच्च्या लसणाची चव येत नाही. दोन्ही जमलं तरच गॅस बंद करा.

या मसाल्याचे दोन भाग करा. मोठा सोयाला, लहान फणसाला. उरलेला कोरडा मसाला मश्रूमला आणि शेवटच्या शिंपडणीला.

टप्पा ३ : सोया

जास्तीत जास्त लोक इथेच घसरतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

१५० ग्रॅम वड्यांना दीड लिटर पाणी उकळायला ठेवा. त्यात दीड छोटा चमचा मीठ, ठेचलेलं आलं आणि एक तमालपत्र. पाणी खळखळल्यावर वड्या टाकून सहा-सात मिनिटं उकळा. नुसत्या गरम पाण्यात भिजवून चालत नाही. मधला गाभा कोरडा, भुसभुशीत राहतो. एक वडी मधोमध तोडून बघा, आत फिकट कोरडा ठिपका दिसला तर आणखी दोन मिनिटं.

चाळणीत ओता, वरून गार पाणी सोडा आणि पिळा. पहिलं पाणी फेसाळ, पिवळट निघेल. मांसाहारी माणसाला नाकातोंडाशी आणताच जो "सोयाबीनचा वास" येतो, त्यातला मोठा भाग या पाण्यातून जातो. पुन्हा स्वच्छ पाण्यात घालून पिळा. पाणी जवळजवळ नितळ निघेपर्यंत हेच करा, बहुधा तिसऱ्या खेपेला निघतं.

शेवटचं पिळणं मुठीत नाही. मुठीत वडी चुरगळते आणि मधलं पाणी आतच राहतं. पाच-सहा वड्या दोन तळहातांमध्ये सपाट दाबा, किंवा सगळ्या पंचात बांधून वर पोळपाट ठेवा आणि दोन्ही हातांनी भार द्या. सोडल्यावर वडी परत फुगून मूळ आकारात आली पाहिजे.

तपासा : एक वडी पेपर नॅपकिनवर ठेवून अंगठ्याने दाबा. डाग पसरला तर पुन्हा पिळा. फक्त ओलसर ठसा उमटला तर पुढे जा.

आता प्रत्येक वडी हाताने फाडा, सुरीने कापू नका. फाडलेल्या कडेला धागे सुटतात, तेच तेलात कुरकुरीत होतात आणि मसाला धरतात. सुरीची सरळ कड गुळगुळीत राहते, मसाला तिच्यावरून घसरतो.

पिळलेली वडी आता काहीही शोषून घ्यायला तयार असते. ही संधी एकदाच मिळते, ती साध्या पाण्यावर घालवू नका. पाव वाटी गरम पाण्यात दोन मोठे चमचे परतलेला मसाला, अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर साखर आणि एक मोठा चमचा तेल कालवा, वड्यांवर ओतून चोळा. अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी थेंब उरता कामा नये. उरला तर निथळून टाका.

"पाणी काढा म्हणता आणि परत पाणीच घालता?" ही शंका येईल. फरक मापाचा आहे. भरपूर अळणी पाणी काढून पाव वाटी दाट, खारं, मसालेदार पाणी आत गेलं. तेवढं तळताना पृष्ठभागावरून उडतं आणि चव आत राहते.

सावधान : नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये भिजलेला सोया ओट्यावर ठेवू नका. दोन तासांत आंबूस होतो. पिळला की थेट फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा.

टप्पा ४ : फणस

हाताला, सुरीला आणि पाटाला तेल चोळल्याशिवाय फणसाला हात लावू नका. चीक एकदा चिकटला की साबणाने निघत नाही, तेलानेच निघतो.

अर्धा किलो सोललेल्या फणसाचे दोन बोटं जाडीचे तुकडे करा. कुकरमध्ये थेट पाण्यात न टाकता भांड्यात, वर मीठ-हळद चोळून, पाणी न घालता ठेवा. एक शिट्टी, आणि वाफ हाताने सोडा. कुकर आपोआप पडायची वाट पाहिली तर तेवढ्या वेळात फणस लगदा होतो. सुरीचं टोक आत जावं पण किंचित अडावं, इतकाच शिजवायचा. उरलेलं काम तव्यावर होणार आहे.

ताटात पसरून पंख्याखाली तासभर सुकवा. हा तास वगळून गरम फणसाला लगेच मसाला लावला की तव्यावर मसाला एकीकडे आणि फणस दुसरीकडे, असं होतं. आठळ्यांवरचं कडक पांढरं साल याच वेळी काढून टाका.

सुकलेल्या तुकड्यांना मसाल्याचा लहान भाग, दोन मोठे चमचे डाळव्याची पूड आणि एक मोठा चमचा तांदळाचं पीठ हलक्या हाताने लावा. कबाब करू की टिक्की, असं बरेच जण विचारतात. माझं मत विचाराल तर तुकडेच ठेवा. फणस कुस्करला की त्याचे धागे तुटतात, आणि मांसाहारी खाणाऱ्याला त्यात आवडण्यासारखं जे असतं ते हे धागेच.

टप्पा ५ : मश्रूम

हे सोपं आहे. मश्रूम ओल्या फडक्याने पुसा, किंवा भरभर धुऊन लगेच टिपून घ्या. ४०० ग्रॅम असतील तर दोन घाण्यांत करा. रुंद कढई कडक तापवा, तेल न घालता मश्रूम एका थरात टाका. पाणी सुटेल, सुटू द्या. ते आटून चरचर आवाज बदलला, तळाला तपकिरी डाग दिसू लागले की मगच दोन मोठे चमचे तेल, ठेचलेला लसूण आणि एक छोटा चमचा कोरडा मसाला. मीठ उतरवताना.

एकदम सगळे कोंबले तर मश्रूम स्वतःच्याच पाण्यात उकडून निघतात, राखाडी आणि लिबलिबीत. असं झालंच तर पाणी गाळून बाजूला ठेवा, कढई पुन्हा तापवा आणि अर्धे-अर्धे परता. गाळलेलं पाणी उद्याच्या रश्श्यात घाला, चवीला फार चांगलं असतं.

टप्पा ६ : तळण आणि शेवटचा हात

पाहुणे बसले, आता गॅस पेटवा. क्रम : फणस, सोया, मश्रूम.

फणसाचे तुकडे तव्यावर तीन-चार मोठे चमचे तेलात, मध्यम आचेवर. खालची बाजू आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. ओढून काढलं की मसाल्याची साल तव्यालाच राहते.

सोयावर आयत्या वेळी दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि हलवा. आधी लावून ठेवलं तर पीठ ओलं होऊन चिकट थर बसतो. कढईत तेल तापवून आधी एकच तुकडा सोडा. चरचर होऊन दहा-पंधरा सेकंदांत आवाज शांत होत गेला तर ठीक. तेल सतत तडतडत, उडत राहिलं तर आत पाणी आहे. बाकीचे तुकडे पुन्हा दाबून घ्या. थोडे-थोडे तळा, कडा गडद झाल्या की निथळा.

सगळे तळून झाल्यावर दुसऱ्या कढईत परतलेला मसाला मोठ्या आचेवर तापवा, सोया टाका, दोन मिनिटं उलटसुलट करा, वरून कोरडा मसाला चिमूटभर. झाकण ठेवू नका. झाकणाखाली वाफ धरते आणि आत्तापर्यंतची सगळी मेहनत मऊ पडते. इथे सावजीची तर्रीही नको. जास्तीचं तेल कढईतच राहू द्या, तुकडे झाऱ्याने उचला.

धुंगार, म्हणजे कोळशाच्या धुराचा वास, ऐच्छिक आहे, पण फणसाला तो विलक्षण शोभतो. लाकडी कोळसा लाल करून वाटीत, त्यावर एक लवंग आणि अर्धा छोटा चमचा तेल, झाकण दोन मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर कडवट धूर चव घेतो. खिडकी उघडी असू द्या. धुंगारासाठी झाकण ठेवणं भाग आहे, म्हणून तो तळण्याआधी, मसाला लावलेल्या फणसालाच द्या.

जवसाचं कच्च्या घाणीचं तेल घरात असेल तर ते तळायला घेऊ नका, लवकर जळतं आणि कडवट होतं. वाढताना सोयावर अर्धा छोटा चमचा शिंपडा.

वाढणं

सोबत कांद्याच्या चकत्या, लिंबू, जवसाची चटणी आणि ज्वारीच्या भाकरीचे हाताएवढे तुकडे. वर कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, मूठभर. लिंबू पाहुण्यांनाच पिळू द्या. स्वयंपाकघरात पिळून आणलंत तर टेबलापर्यंत येईतो कडा मऊ होतात.

काळी मिरी आणि लवंग यांचं तिखट मागून चढतं. पहिल्या घासाला कमी वाटलं म्हणून वरून लाल तिखट टाकू नका, दोन मिनिटं थांबा.

आणखी एक : "हे व्हेज मटण आहे" असं सांगून प्लेट पुढे करू नका. ऐकणारा लगेच मटणाशी तुलना करतो आणि तुमचा पदार्थ विनाकारण हरतो. "सावजी सोया आहे, घ्या" एवढं बास. मात्र सोया आणि शेंगदाण्याचं तेल यात आहे हे सांगून ठेवा, काहींना दोन्हीची अ‍ॅलर्जी असते.

बिघडलं तर

खारट झालं : सोयात भाजलेल्या डाळव्याची पूड मोठा चमचाभर घालून कोरडंच परता. पाणी किंवा बटाटा नको.

कडू लागतंय : दगडफूल किंवा खसखस जळलीय. याला उपाय नाही, कोरडा मसाला आणि वाटण दोन्ही नव्याने करा. म्हणूनच भुनाईआधी कोरडा मसाला चाखायचा.

सोया चिवट झाला : जास्त तळला गेलाय. उरलेल्या मसाल्यात दीड वाटी गरम पाणी घालून रस्सा करा, दहा मिनिटं उकळा आणि स्टार्टरऐवजी जेवणात वाढा. कोणी तक्रार करत नाही.

उरलेला परतलेला मसाला काचेच्या बरणीत, वर तेलाचा पातळ थर ठेवून फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो. कोरडा मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात दोन महिने, पण डब्यात ओला चमचा घालू नका.